जिथे सायकल चालत नाही

अमेरिकेतल्या लँकेस्टरच्या आमिश लोकांमध्ये, म्हणजे अजून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथात, सायकल चालत नाही. पायाने ढकलायची स्कूटर चालते. पुढेमागे सायकलचीच चाकं, मध्ये उभं राहायला फळी, हँडलला मोठी टोपली. पेडल नाही, सीट नाही, चेन नाही. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने रस्ता मागे रेटायचा, दमलं की पाय बदलायचा. शाळेतली पोरं, पांढरी टोपी घातलेल्या बायका, कामावर निघालेले दाढीवाले बाप्ये, सगळे असेच जाताना दिसतात. त्याच गाड्याला पेडल लावलं तर माणूस घरापासून फार लांब आणि फार सहज जाईल, म्हणून नको. हे कळलं तेव्हा मला पेनसिल्व्हेनियातल्या त्या काउंटीत सायकलनेच जावंसं वाटलं. थोडा खोडसाळपणा होताच त्यात.

लँकेस्टर मला नवं नव्हतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत भारतातून आईवडील आले की नायगारा, वॉशिंग्टन आणि 'ते जुन्या पद्धतीने राहणारे लोक' हा ठरलेला कार्यक्रम असतो. आम्हीही आईला नेलं होतं. बग्गीतून चक्कर, काकवीचा 'शूफ्लाय पाय' नावाचा गोड पदार्थ, गोधड्यांचं दुकान. गाडीच्या काचेतून मका बघत आई म्हणाली होती, "राहतायत बिचारे आपापले. त्यांना बघायला तिकीट कशाला?" त्या बोलण्यामुळे पुढची बरीच वर्षं मी पाहुण्यांना तिकडे नेलंच नाही.

या वेळी मैत्रीण आणि मी, दोघीच. सप्टेंबर नुकता लागला होता. स्ट्रासबर्गला गाडी ठेवली, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवल्या आणि निघालो. पॅराडाइज, इंटरकोर्स (हो, हेच नाव, पाटीसमोर फोटो काढणाऱ्यांची रांग असते), न्यू हॉलंड, एफ्राटा, लिटिट्झ, मग खाली क्वारीव्हिलकडे उतरून परत. मुक्काम शेतघरांतल्या भाड्याच्या खोल्यांत. घाई नव्हती.

नकाशावर हा मुलूख सपाट वाटतो. प्रत्यक्षात चढ संपला की उतार आणि उतार संपायच्या आत पुढचा चढ. एकही डोंगर नाही, पण संध्याकाळी मांड्या बोलायला लागतात. खाली चुनखडीचा दगड, वर काळीभोर नाही पण लोण्यासारखी मऊ, तपकिरी माती. पाटाचं पाणी न लागता इतकं पिकवणारी जमीन अमेरिकेत फार थोडी. मका, लसूणघास, सोयाबीन, तंबाखू. आणि शेणखताचा वास. तो पहिल्या तासात नाकाला जाणवतो, नंतर आपल्याच कपड्यांना येतो.

मोठा रस्ता सोडून आत वळलं की डांबराच्या मधोमध एक घासलेला पट्टा दिसतो. घोड्यांच्या नालांनी झालेला. त्यावर लिदीचे ढीग, ताजे आणि वाळलेले. सायकलवाल्याने नजर तिथेच ठेवायची, निसर्ग नंतर बघायचा. इथल्या बग्ग्या करड्या असतात. ओहायोत गेलं की काळ्या. मागे केशरी त्रिकोण, बॅटरीवरचे दिवे. ओढणारे घोडे बहुतेक स्टँडर्डब्रेड जातीचे आणि त्यांतले कितीतरी शर्यतीच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेले. पैजा लावणाऱ्यांच्या टाळ्या ऐकलेला घोडा उरलेलं आयुष्य चर्चला आणि किराणा आणायला जाण्यात काढतो.

दुडक्या चालीने तो ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास जातो. सामान लादलेल्या सायकलवर पन्नाशीकडे झुकलेल्या दोन बायकाही तेवढ्याच वेगाने जातात. यातून गंमत झाली. न्यू हॉलंडच्या अलीकडे एक उघडी गाडी आमच्या पुढे होती. मागच्या फळीवर तिघं भावंडं पाय खाली सोडून, आमच्याकडे तोंड करून बसलेली. उतारावर आम्ही त्यांना मागे टाकलं. चढावर घोडा टपटप करत आमच्या शेजारून पुढे गेला. पुन्हा उतार, पुन्हा आम्ही पुढे. तिसऱ्या खेपेला थोरली मुलगी आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि धाकट्या दोघांनी तोंडावर हात दाबले. त्यांची घरची बोली पेनसिल्व्हेनिया डच, जर्मनच्याच कुळातली. मला एक अक्षर कळलं नाही, पण चेष्टा आमचीच होती यात शंका नाही. चौथ्या चढावर सगळ्यात धाकट्याने मुठीत धरलेलं सफरचंद आमच्या दिशेने पुढे केलं, आम्ही जवळ पोचेपर्यंत थांबला आणि अगदी शेवटी स्वतःच चावा घेतला. मग तिघंही खदखदून हसले. बापाने मागे वळूनही पाहिलं नाही.

बाहेरच्याला वाटतं, हे लोक सगळ्या नव्या गोष्टींना नाही म्हणतात. तसं नाही. पंचवीस-तीस-चाळीस कुटुंबांचा एक चर्च-विभाग असतो आणि काय चालेल, काय नाही याचे त्याचे नियम असतात. त्याला ओर्डनुंग म्हणतात. बरंचसं अलिखित. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या धार्मिक विधीआधी, सगळे बसून पुन्हा ठरवतात आणि एकमत झालं नाही तर प्रभुभोजन पुढे ढकलतात. फोन वाईट नाही, पण स्वयंपाकघरात वाजणारा फोन नको. म्हणून तो शेताच्या टोकाला, छोट्या खोपटात. घरात विजेची तार नको. पण डिझेल इंजिनवर हवा दाबून त्या हवेवर शिलाई मशीन आणि सुतारकामाची करवत चालवायला हरकत नाही. गॅसवरचा फ्रिज चालतो. दुसऱ्याच्या मोटारीत बसायला चालतं, मोटार विकत घ्यायला नाही. ट्रॅक्टर गोठ्याजवळ यंत्रं फिरवायला ठेवतात, नांगराला मात्र खेचरं. लिटिट्झच्या वाटेवर सहा खेचरं एका ओळीत जुंपून एक पोरगेला माणूस मका कापत होता. कापणीच्या यंत्राला इंजिन होतं, ते ओढायला जनावरं. मैत्रीण इंजिनिअर. ती थांबून बघतच राहिली. "अगं, हे मागासलेलं नाहीये, फार डोकं लावून केलेलं आहे," ती म्हणाली.

खरंच आहे. प्रत्येक वस्तूला ते एकच विचारतात: ही घरात आली तर शेजाऱ्याची गरज कमी होईल का? आपण बहुतेक वस्तू त्याचसाठी घेतो.

याच काउंटीत त्यांचे लांबचे भाऊबंद राहतात, जुन्या वळणाचे मेनोनाइट. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये 'बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतः मागून घ्यायचा' म्हणणाऱ्यांचा छळ झाला, त्या पंथातले हे सगळे. १६९३ मध्ये याकोब आमानने जास्त कडक शिस्तीचा आग्रह धरून वेगळी चूल मांडली; त्याच्या मागे गेले ते आमिश. छळाला कंटाळून दोघेही विल्यम पेनच्या वसाहतीत, म्हणजे पेनसिल्व्हेनियात आले, आमिश १७३० च्या दशकात. न्यू हॉलंड-एफ्राटाकडच्या मेनोनाइटांनी हिशोब दुसरीकडे जमवला. मोटार नको, पण सायकल चालेल. ट्रॅक्टर शेतातही चालेल, पण चाकं लोखंडी हवीत, कारण रबरी टायर आले की तो रस्त्यावर येईल आणि मग मोटार फार लांब नाही. रेघ त्यांनीही मारली आहे. फक्त कुठे, ते निराळं.

त्या भागात आमचा तोरा उतरला. हेल्मेट, चट्टेपट्टे असलेले जर्सी, पाणी पिण्याची खास बाटली, असा सगळा जामानिमा करून आम्ही चढ चढत होतो. पाठीमागून घंटी वाजली. फुलाफुलांचा पायघोळ झगा, डोक्यावर टोपी, हँडलला भाजीची पिशवी. सत्तरीच्या एक बाई "गुड मॉर्निंग" म्हणाल्या आणि आम्हाला मागे टाकून गेल्या. धाप लागलेली नव्हती. थोडं पुढे मैत्रिणीचं मागचं चाक बसलं. आम्ही टायर उतरवून ट्यूबमध्ये भोक शोधत होतो तेवढ्यात शाळेतून सुटलेली मुलं सायकलवरून आली आणि गोल करून उभी राहिली. कुणी मदत देऊ केली नाही, कुणी गेलंही नाही. पॅच चिकटला तेव्हा एका मुलाने मान हलवली. पास झालो.

तंबाखूच्या शेताजवळ मी जरा जास्त रेंगाळले. कापणी चालू होती. पुढे बाप लांब दांड्याच्या कात्रीने बुंध्यापाशी रोप कापत होता. मागून आई आणि दोन मुली कापलेली रोपं उचलून लाकडी पट्टीत ओवत होत्या. पट्टीच्या टोकाला पोलादी टोपण, भाल्याच्या पात्यासारखं. त्यावर जाड देठ दाबायचा, तो फाटून आत सरकतो. एका पट्टीवर पाच-सहा रोपं भरली की पट्टी गाडीवर. टोपण काढून पुढच्या पट्टीला. धाकटी अनवाणी होती, वय आठ-नऊ, पण देठ दाबताना तिचा अंदाज एकदाही चुकला नाही. हे सगळं मग उंच गोदामात उलटं टांगतात. गोदामाच्या भिंतीतल्या उभ्या फळ्या दारासारख्या उघडतात, वारा खेळतो, पान हळूहळू पिवळं आणि मग तपकिरी होतं. त्या गोदामापाशी वास आला आणि मी एकदम निपाणीच्या बसस्टँडवर होते. लहानपणी कोल्हापूरहून आजोळी जाताना खिडकीतून येणारा तोच उग्र, गोडसर, नाकात बसणारा वास. विडी ओढणारे आणि न ओढणारे देव सारखेच असावेत. तंबाखू पिकवून देवभोळं राहायला दोन्हीकडे कुणाला अडचण आलेली नाही.

इंटरकोर्सच्या बाहेर, बसगाड्यांच्या गर्दीपासून दूर, एका फाटकाशी मेज मांडलेलं होतं. टोमॅटो, लोणच्यातल्या बीटच्या बरण्या, घरचं रूट बीअर (नावालाच बीअर, दारू नव्हे), पुदिन्याचा गार चहा. पैशांसाठी पत्र्याचा डबा. 'रविवारी विक्री नाही' अशी पाटी. बहुधा अशा ठिकाणी कुणी नसतं. आपण घ्यायचं, आपण डब्यात टाकायचं. इथे एक बाई टोमॅटो लावत होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. चहा ओतून दिला. त्यात पुदिना इतका होता की पहिल्या घोटाला डोळे मिटले.

"कुठून येताय?"

न्यू जर्सी म्हटलं. मूळची भारतातली म्हटलं.

"आईवडील इकडेच?"

"आई आहे. ती तिकडे असते."

"किती लांब?"

किलोमीटर सांगून काय उपयोग. "दारातून निघून दारात पोचायला दिवस-रात्र लागते," मी म्हटलं. "विमानाने."

त्यांनी टोमॅटो खाली ठेवला. मागे हात केला. मोठ्या घराला चिकटून एक छोटं घर होतं. म्हातारे आईवडील कामातून मोकळे झाले की त्यात राहायला जातात आणि मोठं घर मुलाला किंवा मुलीला देतात, तशी इथली रीत. "माझी आई तिथे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुमची आजारी पडली तर कोण असतं?"

"भाऊ आहे."

"भाऊ आहे ना. मग बरं." आवाजात सुटकेचा भाव होता, आणि तो माझ्यासाठी होता. मी एक बरणी बीट जास्तीचं घेतलं. सायकलवर काचेची बरणी नेणं म्हणजे ताप, पण तेवढं तरी घ्यायला हवं होतं.

फोटो मी कुणाचाच काढला नाही. स्वतःची प्रतिमा करू नये ही त्यांची श्रद्धा, हे एक कारण. आईचं ते तिकिटाचं वाक्य हे दुसरं.

त्या रात्री आईला फोन लावला. बीट दाखवलं, स्कूटरचं सांगितलं. माणूस लांब जाईल म्हणून सायकल नाही, हे ऐकून ती हसली. "तुझे आजोबा आमिशच म्हणायचे मग." आणि जे मला अर्धवट माहीत होतं ते तिने नीट सांगितलं. मामाला हायस्कूलला जायला सायकल घेतली होती. आजोबा पेठेत गेले की ती मागच्या बोळात शिकायची; साडी नव्हे, परकर. दांडीखालून पाय घालून कैची मारत बोळाच्या टोकापर्यंत आणि परत. एकदा शेजारच्यांनी पाहिलं, घरी कळलं आणि बंद. आजोबांचं म्हणणं, सायकलवर बसलेली मुलगी वेशीबाहेर गेलीच म्हणून समजा.

"त्यांच्याकडे बायकांनाही स्कूटर देतात?" आईने विचारलं.

"हो. सगळ्यांना तीच."

"पुरुषांना सायकल नाही?"

"नाही."

"मग त्यांचं चालू दे," ती म्हणाली. "आमच्याकडे दादाला होती."

पुढचे दोन दिवस मी हे वाक्य घेऊन पेडल मारत होते. काचेतून बघताना आमिशांबद्दल हळवं व्हायला सोपं जातं; किती साधे, किती समाधानी, आपणच मेले धावतोय. मला तसं होता येत नाही. मुलं आठवीपर्यंतच शिकतात, एकखोली शाळेत, शिकवणारी मुलगी स्वतः बहुधा आठवीच शिकलेली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिन विरुद्ध योडर खटल्यात त्यांना ही सूट दिली, धर्मस्वातंत्र्याच्या नावाने. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं: आईबापांचं ऐकलंत, मुलांना काय हवंय ते विचारलंत का? मला तो प्रश्न अजून अनुत्तरित वाटतो. बाप्तिस्मा विशी-बाविशीला, स्वतः होऊन घ्यायचा, हे खरं. आणि न घेता निघून गेलं तर बहिष्कार नाही, घेऊन मोडला तर आहे, हेही खरं. पण आठवी शिकलेल्या मुलीपुढे दुसरं दार कितीसं उघडं असतं? मंडळीत कोण धर्मोपदेशक होणार यातही तिला जागा नाही; मत देता येतं, पद नाही.

मैत्रीण माझ्याशी भांडली. तिचं म्हणणं, पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं तिथेच राहतात, त्याला काहीतरी अर्थ असेल. १९०० च्या सुमारास सगळ्या अमेरिकेत पाच-सहा हजार आमिश होते, आज उत्तर अमेरिकेत चार लाखांच्या घरात आहेत. वीसेक वर्षांत दुप्पट होतात. कोंडलेले लोक असे वाढत नाहीत. मी म्हटलं, सात-सात मुलं झाली की कुणीही वाढतं. आणि जमीन? ती तर वाढत नाही. लँकेस्टरला जागेचे भाव असे चढलेत की निम्म्याहून जास्त आमिश बाप्ये आता शेतीवर नाहीत. सुतारकाम, शेडबांधणी, दुकानं. भांडण चढावर सुरू व्हायचं आणि दम लागला की आपोआप मिटायचं.

रविवार पॅराडाइजच्या दक्षिणेला गाठला. सकाळी रस्त्यावर मोटारी कमी, बग्ग्या जास्त, सगळ्या एकाच दिशेने. त्यांना चर्चची इमारत नसते. दर दुसऱ्या रविवारी पाळीने कुणाच्या तरी घरी किंवा गोठ्याच्या माडीवर जमतात; बाकडी एका बंद गाडीतून घरोघर फिरतात. एका कुरणात करड्या बग्ग्या रांगेने लागल्या होत्या, घोडे सोडवून बांधलेले. आम्ही कुंपणाबाहेर पाणी प्यायला थांबलो आणि आतून गाणं आलं. वाद्य नाही, वेगवेगळे सूर नाहीत, शेदीडशे माणसांचा एकच सूर, इतका संथ की एका शब्दावर चार श्वास. त्यांचं 'आउसबुंड' हे गीतांचं पुस्तक १५६४ पासून छापलं जातंय. त्यातली मूळची गाणी पासाउच्या किल्ल्यात कोंडलेल्या त्यांच्याच पंथातल्या कैद्यांनी लिहिली. दर वेळी दुसरं गाणं ठरलेलं असतं आणि ते एकच पंधरा-वीस मिनिटं चालतं. आम्ही तेवढं थांबलो नाही. दुसऱ्याच्या देवघराबाहेर उभं राहून किती ऐकायचं.

तिथून निकल माइन्स दूर नाही. २ ऑक्टोबर २००६ ला तिथल्या एकखोली शाळेत एका दूधगाडीच्या ड्रायव्हरने दहा मुलींना गोळ्या घातल्या, पाच गेल्या, मग त्याने स्वतःला संपवलं. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या बायकोच्या घरी गेले, तिला जवळ करायला. त्याच्या दफनाला गेले. शाळा दहा-बारा दिवसांत पाडली, जागा कुरण म्हणून सोडली. बघण्यासारखं तिथे काही ठेवलेलं नाही, मुद्दामच. आम्ही त्या रस्त्याने गेलो नाही. इतक्या भांडणानंतर त्या क्षमेपुढे माझ्याकडे युक्तिवाद नव्हता; आणि ती क्षमा त्याच घट्ट कुंपणातून आलेली, ही अडचण होतीच.

मध्ये कॉनेस्टोगा नदीवरचा हनसेकर मिलचा पूल लागला होता, त्याचं सांगायचं राहिलं. या काउंटीत असे छप्पर घातलेले लाकडी पूल अजून पंचविसावर आहेत. छप्पर वाटसरूंसाठी नाही, पुलासाठी. आतल्या कमानी आणि तुळया पावसात कुजू नयेत म्हणून. हा सुमारे १८० फुटांचा. १९७२ च्या अॅग्नेस वादळात वाहून गेला आणि तसाच पुन्हा बांधला. आत शिरताच अंधार, फळ्यांचा खडखडाट, आणि कडेच्या फटींतून खाली नदी. बारीक टायर फटीत अडकू नये म्हणून मी उतरून चालत गेले. मैत्रीण गेली तशीच, ओरडत.

शेवटचा टप्पा ईनोला लो ग्रेडवरून. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९०६ मध्ये पुरी केलेली मालगाड्यांची ही वाट. जड गाड्यांना चढ लागू नये म्हणून टेकड्या कापून, दऱ्या भरून जवळजवळ सपाट केलेली. रूळ गेले, आता खडी आणि सायकली. इतक्या चढांनंतर सपाट रस्ता मिळाल्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललोच नाही. मग मैत्रिणीने विषय काढला ओहायोतल्या होम्स काउंटीचा. तिथेही आमिशच, पण तिथल्या बऱ्याच विभागांनी सायकलला होकार दिला आहे. जुन्या रेल्वेमार्गावर सायकलसाठी आणि बग्गीसाठी शेजारी शेजारी पट्टे केलेत. पुढच्या वर्षी तिकडे जायचं ठरलं. एकच अडचण आहे. तिथले आमिश आता सौर पॅनेलवर चार्ज करून इ-बाइक चालवतात, आणि आमच्या सायकलींना अजून पायच लागतात.